आबांच्या हौदातलं मीठ

साखर कारखान्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. आमच्याकडच्या जमिनी त्याआधीच पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. पाट आला, ऊस आला, उसाला पाणी पाजायची चढाओढ लागली आणि जमिनीखालचं मीठ वर आलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणाच्याही बांधावर बसा, बोलणं फिरून फिरून मिठावरच यायचं.

माझं काम तसं सोपं. शेतकरी विहिरीचं पाणी बाटलीतून घेऊन यायचे, मी ते तपासायचे आणि छापील फॉर्मवर लिहून द्यायचे की हे पाणी उसाला चालणार नाही. बाटल्या कसल्याही असत. खोकल्याच्या औषधाच्या, गुलाबपाण्याच्या, आणि बऱ्याचशा अशा, की बूच काढल्याबरोबर पाण्याआधी मालकाची तपासणी होऊन जायची. दिवसाकाठी वीसेक माणसांना वाईट बातमी सांगायची म्हणजे माणूस लोकप्रिय होत नाही. माझ्या मागं मला ‘खारट बाई’ म्हणायचे. कामावरून म्हणतात की स्वभावावरून, हे मी कधी विचारलं नाही.

फॉर्मच्या तळाला शिफारशीची जागा होती. तिथं काय लिहायचं ते ठरलेलं. जिप्सम टाका, धैंचा, म्हणजे हिरवळीचं खत, पेरून फुलोऱ्यात गाडा, चर खोदून पाण्याचा निचरा करा. रोज तेच लिहून माझा हात असा बसला होता की डोकं दुसरीकडं गेलं तरी चालायचं. तिथंच घोटाळा झाला.

निरवांगीच्या वाटेला ज्यांचा मळा होता ते आबा एक दिवस बाटली घेऊन आले. साठी उलटलेले, पांढरं धोतर, तोंडात तंबाखूचा बार. त्यांची बाटली स्वच्छ होती, त्यामुळं मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. पाणी तपासलं तर मिठाचा आकडा एवढा वर गेलेला, की मी मीटरच तपासून पाहिला. असल्या पाण्यावर ऊस सोडा, बाभळसुद्धा हिरवी राहिली नसती. मी फॉर्म भरला, सही केली. आबांनी फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला आणि अर्ध्या गुंठ्याला जिप्सम किती पडेल ते विचारलं. अर्धा गुंठा म्हणजे घरामागची भाजी असणार, असं मी धरून चालले. तिथल्या तिथं हिशेब करून एक पोतं सांगितलं. वर पाण्याची चौकशी न करता माणसाची केली, जेवण झालं का म्हणून विचारलं.

पंधरा दिवसांनी आबा परत आले ते चेहरा पाडून. पाणी दुधासारखं पांढरं झालंय म्हणाले. मी म्हटलं, जमीन पांढरी होते आबा, पाणी कसं होईल.

“जमीन कुठनं आली बाई? हौद हाय. पवायचा हौद.”

मी हातातली पिपेट खाली ठेवली. आबा सांगत राहिले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट सगळं नीट पाळूनही गुण का येत नाही, याची काळजी होती. मी एक पोतं म्हटलं होतं, पण कमी पडायला नको म्हणून त्यांनी तीन टाकली होती. चर खोदायला माणसं सांगितली होती.

“धैंचा तेवढा न्हाय पेरला,” ते म्हणाले. “पाण्यात कसा उगवंल, ते काय समजंना.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आबांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याची मुलगी, म्हणजे आबांची नात, दहा वर्षांची. तिला पोहायचं वेड. तिनं सुट्टीला आजोबांकडं यावं म्हणून आबांनी मळ्यात पोहायचा हौद बांधून घेतला. बांधणाऱ्या गवंड्यानं तोवर फक्त गोबरगॅसच्या टाक्या बांधल्या होत्या, पण काम भक्कम केलं. मागच्या मे महिन्यात मुलगा येताना एक यंत्र घेऊन आला. पाण्यात मीठ टाकायचं, यंत्र त्या मिठातूनच जंतू मारायचं औषध तयार करतं, ब्लीचिंग पावडर आणायला नको. नात पाण्यात उतरली. वीस मिनिटांत तिचे डोळे गुंजेसारखे लाल झाले, अंगाला खाज सुटली, आणि संध्याकाळी मुलगा, सून आणि नात पुण्याला हॉटेलात राहायला गेले. उरलेली सगळी सुट्टी तिकडंच गेली.

आबांनी बंडीतून मुलाचं पत्र काढलं. यंदाही मे महिन्यात येतोय, पाणी नीट झालं असेल तर मळ्यात आठ दिवस राहू, नाहीतर भेटून त्याच दिवशी पुण्याला परत फिरू, असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, पाणी कुठंतरी तपासून घ्या. सगळ्या तालुक्यात पाणी तपासणारी मी एकटी, म्हणून आबा माझ्याकडं आले होते. पत्राच्या घड्या फाटायला आल्या होत्या, म्हणजे ते किती वेळा उघडलं गेलं असेल ते कळत होतं. आठ दिवस की एक, एवढाच त्या म्हाताऱ्याचा प्रश्न होता. तो सोडवायचा सोडून मी त्याच्या हौदात जिप्सम ओतायला लावलं होतं.

दर रविवारी येऊन पाणी नीट करून देते, असं मी कबूल केलं. चूक माझी होती आणि सहीही माझीच.

घरी आल्यावर मात्र माझं तोंड उतरलं, कारण आबांचा मळा म्हणजे ती विहीर. आम्ही बौद्ध. आमची वस्ती पूर्वी त्या मळ्याच्या पलीकडंच होती. माझे वडील लहानपणी आजीबरोबर त्या विहिरीवर जायचे, पण पायरीला पाय लावायचा नाही. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, ते घागरीत घ्यायचं. तहान लागली असेल तर खाली वाकून ओंजळ धरायची. पुढं आम्ही लासुर्ण्याला राहायला आलो, वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी झाले. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते त्यांच्या हातात. तीस वर्षं त्यांनी सगळ्या परिसराला पाणी दिलं, आबांच्या उसालाही दिलं. त्या विहिरीचं पाणी मात्र पुन्हा प्यायले नाहीत. कालव्याच्या पाळीवर जाताना स्वतःची बाटली न्यायचे. मला त्या विहिरीचा राग होता आणि तो मी लपवत नव्हते.

वडिलांना सांगितलं तर ते नुसतं म्हणाले, “जा की. पान्यानं काय वाईट केलंय आपलं?”

आणि दर रविवारी मला स्कूटरवरून सोडायला तेच येऊ लागले. मळ्याच्या फाटकापर्यंत यायचे, आत नाही. फाटकाजवळ पाटाच्या चारीवर मोरीचा छोटा पूल होता, त्याच्यावर बसून पेपर वाचायचे. आबा आतून चहा पाठवायचे, ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्याचा. वडील चहा प्यायचे, कप विसळून ठेवायचे. दोघांनी एकमेकांना दुरून हात केला की त्यांचं बोलणं संपलं.

हौद आधी पूर्ण रिकामा केला. तीन पोती जिप्सम तळाला गाळ होऊन बसलं होतं, ते खरवडून काढलं. पाणी ओढ्याकडं काढून द्यायला शेवटी चर खोदावाच लागला. निदान फॉर्मची एक शिफारस तरी बरोबर ठरली, याचं आबांना समाधान वाटलं.

मग यंत्राबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसले. पन्नास हजार लिटरचा हौद, हजार लिटरला साडेतीन किलो मीठ. आबांनी टेम्पोतून खडेमिठाची चार पोती आणवली, तेव्हा रस्त्यावरच्या माणसांनी टेम्पो थांबवून विचारपूस केली. अख्खा तालुका जमिनीतलं मीठ धुऊन काढतोय आणि हा माणूस पैसे देऊन मीठ आणतोय, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय, असं ठरलं. मी विहिरीचं पाणी तपासलं तर हवं त्याच्या जवळजवळ निम्मं मीठ त्यात आधीपासूनच होतं. दोन पोत्यांत भागणार होतं. ज्या विहिरीनं आबांचा पाच एकर ऊस जाळला, तिचा जगात एवढा एकच उपयोग निघाला. हे ऐकून आबांना हसावं की रडावं ते कळेना. मला मात्र हसू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

मीठ सोपं होतं. छळलं ते सामूनं. सामू म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतंय की चुन्याकडं, त्याचा आकडा. नातीचे डोळे जाळले ते त्यानंच, कारण ते यंत्र चालेल तसा सामू रोज वर चढतो. उतरवायला ॲसिड लागतं. ते बारामतीच्या दुकानात घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, बाई, संडास आहेत तरी किती तुमच्याकडं? पोहायच्या पाण्यात टाकायचंय म्हटल्यावर त्यानं बाटल्या परत आत ओढल्या. कारखान्याचं ओळखपत्र दाखवावं लागलं.

आबांना सामू समजावताना माझा घसा कोरडा पडला. मग एकदा त्यांनीच स्वतःची समजूत काढली. “म्हंजी माज्या बीपीवानीच की. गोळी खाल्ली की उतरतंय, चुकवली की चढतंय. बरं व्हत न्हाय, निस्तं धरून ठिवायचं.” एवढं चांगलं मला पुस्तकातही सापडलं नव्हतं. त्यानंतर ते रोज सकाळी कागद बुडवून सामू बघायचे आणि पंपघराच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहायचे. शेजारी स्वतःच्या बीपीचाही लिहू लागले. पाणी त्यांच्यापेक्षा लवकर ताळ्यावर आलं.

मात्र आबांचा हात आवरणं कठीण. भारनियमनात यंत्र दोन दिवस बंद राहिलं आणि पाण्याला हिरवी झाक आली, तर मी जायच्या आत त्यांनी तुरटी फिरवली होती, कडुलिंबाचा पाला बुडवला होता आणि ग्रामपंचायतीकडून ब्लीचिंगचा डबा मागवला होता. मी नको तेवढं बोलले. वयाचा मान ठेवला नाही. आबा खाली मान घालून ऐकत होते, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, “पोरी, एकवीस दिस राह्यलं.”  मी बाह्या सारून पाला काढायला बसले.

शेवटच्या शनिवारी सुट्टी काढून गेले. मीठ साडेतीन, सामू साडेसात. पाणी एवढं नितळ, की गवंड्यानं तळाला काढलेला कमळाचं नक्षीकाम नीट दिसलं आणि ते कमळ नसून कोबी असल्यासारखं वाटलं. सवयीप्रमाणे त्या पाण्याची बाटली भरून पंपघरात ठेवली. प्रयोगशाळेचा हातातला मीटर आबांकडं ठेवला, उद्या यायच्या आत एकदा बघून ठेवा म्हणून. नात रविवारी संध्याकाळी पोचणार होती.

रविवारी दहाला गेले, तर आबा फाटकापाशीच उभे. नातीसाठी हौद काठोकाठ भरलेला बरा, म्हणून त्यांनी पहाटे विहिरीची मोटर चालू केली होती आणि दाढी करायला बसले होते. दोन तास हौद ओसंडून वाहत होता. मीठ किती वाहून गेलं ते बघायला मीटर घेऊन वाकले, तर मीटर हातातून निसटून पाण्यात. त्यांनी तो धुऊन, पुसून, उन्हात वाळत घातला होता. नऊ वाजता वीज गेली होती, ती चारपर्यंत येणार नव्हती, म्हणजे मीठ बरोबर आहे की नाही ते दाखवणारा यंत्रावरचा दिवाही मुका. प्रयोगशाळेला कुलूप, आणि किल्ली आमच्या साहेबांच्या खिशात, साहेब बारामतीला लग्नात. मीठ कमी असलं तर वीज आल्यावर यंत्र चालूच होणार नाही, जास्त झालं तरी नाही, आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी हौद हिरवा. कागद बुडवून सामू पाहिला, तो तेवढा शाबूत होता.

आबा पायरीवर बसले.  नवीन बंडी घातली होती, तिच्यावर तंबाखूही सांडला नव्हता.

कालच्या पाण्याची बाटली होती. ती चव आणि ही चव जुळवायची, एवढा एकच मार्ग. पण चाखायचं कुणी? आबांची जीभ चाळीस वर्षांच्या तंबाखूनं मेलेली. माझी जीभ बोलायला बरी, चवीला नाही. आमच्याकडं जिभेचा माणूस एकच होता. पाटकरी असताना शेताच्या मातीची चिमूट जिभेवर ठेवून हे रान किती वर्षांत चोपण, म्हणजे मिठानं नापीक, होईल ते सांगायचे, आणि माझ्या मीटरनं त्यांना अजून खोटं पाडलं नव्हतं. तो माणूस फाटकाबाहेर मोरीवर पेपर वाचत होता.

मी जाऊन सांगितलं. वडिलांनी पेपरची नीट घडी केली. फाटकापाशी चपला काढल्या आणि आत आले. चपला कशाला काढल्या, म्हणून मला त्यांचाच राग आला.

आधी त्यांनी कालच्या बाटलीतलं पाणी वरून तोंडात धरलं, घोळवलं, थुंकलं. मग आबांनी हौदात तांब्या बुडवला. आणि पुढं जे झालं ते दोघांनीही ठरवून केलं नाही. वडील खाली वाकले, त्यांचे दोन्ही हात ओंजळ होऊन पुढं आले. आबांचा तांब्याचा हात वर गेला, ओतायला. साठ वर्षांचे दोन म्हातारे आणि त्यांचे हात पन्नास वर्षांपूर्वीचे. पाण्याची एक धार पडलीसुद्धा. मग आबा थांबले. तांब्या हवेत, ओंजळ खाली.

आबांनी तांब्या खाली आणला. दोन्ही हातांनी वडिलांच्या ओंजळीत ठेवला. “घ्या,” म्हणाले. “तोंड लावून बघा. वरनं पिऊन चव कळत न्हाय.”

वडिलांनी तांब्याला तोंड लावलं. डोळे मिटून बराच वेळ पाणी तोंडात धरलं. मग थुंकले आणि त्यांच्या पाटकरी आवाजात म्हणाले, “निम्मं गेलंय. अर्धं पोतं आना.”

अर्धं पोतं बादल्यांत विरघळवून टाकलं, बांबूनं हौद ढवळला. पुन्हा तांब्या. “आजून.” पुन्हा मीठ. मला घाम फुटला, आबा बांबूला टेकले. चौथ्या तांब्याला वडिलांनी बाटलीचं पाणी पुन्हा चाखलं, तांब्यातलं चाखलं, आणि म्हणाले, “बास. आमटी असती तर आमच्या मंडळीला हाक मारून मीठ मागितलं असतं. पर हौदाला हितकंच.”

आबांनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला. त्याच तांब्याला तोंड लावून एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि गंभीरपणे मान हलवली. “व्हय. आळनीच हाय,” म्हणाले. त्यांची जीभ मेलेली होती हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या घोटाचा पाण्याच्या तपासणीला काही उपयोग नव्हता. वडिलांनी तोंड फिरवून पंच्यानं पुसलं. मी उगाचच सामूचा कागद पुन्हा बुडवला.

चारला वीज आली. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

पाचला गाडी आली. नात सरळ हौदाकडं पळाली. मुलगा म्हणाला, आधी हात घालून बघ. ती कशाला बघतेय, उडीच मारली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. आबा काठावर उभे, वडील त्यांच्या शेजारी, दोघांची नजर पाण्यावर, परीक्षेचा निकाल लागायचाय तशी. शेवटी ती काठाला आली आणि आबांनी तिला डोळे दाखव म्हटलं. तिनं खालची पापणी ओढून दाखवली. पांढरे स्वच्छ. आम्ही इथं किती दिवस राहणार, असं तिनं आपल्या बापाला विचारलं, आणि तो बॅगा उतरवायला गेला.

सोमवारी हौदाचं पाणी साहेबांच्या मोठ्या मीटरवर लावलं. तीन पूर्णांक चार. फॉर्मवर मी सगळ्यात वर एक ओळ हातानं वाढवली, ‘पाणी कशासाठी वापरणार?’ आणि पुढं तो फॉर्म तसाच छापून घेतला.

पण ते नंतरचं. त्या रविवारी हौदावर लाल डोळे दोघांचेच होते. दोघंही साठी उलटलेले, आणि दोघंही पाण्यात उतरले नव्हते.